जालन्यात बसून ट्राउटची निम्फ बांधताना

जायकवाडीचं पाणी मे महिन्यात हाताला कोमट लागतं. ट्राउट या माशाला वीस अंशांच्या आतलं, सतत वाहतं पाणी हवं असतं. त्यामुळे मराठवाड्यात ट्राउट नाही. तरीही मी जालन्यात घरच्या टेबलावर ट्राउटच्या फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसांनी बांधलेले खोटे किडे, बांधतो, कारण नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस आमच्या स्टेशनावर थांबते. अंबाल्याला उतरायचं, मनालीकडच्या बसनं औट गाठायचं, तिथून बंजार, आणि बंजारच्या पुढे तीर्थन नदी. कुलूच्या खोऱ्यात इंग्रजांनी १९०९ मध्ये तपकिरी ट्राउट सोडला. काश्मीरमध्ये तो त्याआधीच, १९०० साली आला होता. तीर्थनमध्ये आज दिसतो तो कुलूत सोडलेल्या ट्राउटचाच वंश.

पहिल्या खेपेला मी डझनभर विकतच्या फ्लाय नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातल्या दहा खडकांत अडकून तुटल्या आणि उरलेले दोन दिवस मी काठावर बसून नदी बघत काढले. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या, पंख न फुटलेल्या किड्याची नक्कल करणारी फ्लाय, तळाला घासत गेली तरच मासा ती घेतो, आणि तळाला घासली की ती अडकणारच. म्हणून ती घरी, स्वस्तात आणि भरपूर बांधता आली पाहिजे. इथे सांगतो ती सगळ्यात सोपी मण्याची निम्फ आहे. गळ आणि मणी मागवावे लागतात, बाकी बहुतेक सामान आपल्याच गावात मिळतं.

१. आधी खरा किडा बघा

हे टाळू नका. पावसाळ्यात एखादा स्वच्छ ओढा वाहता झाला आणि दोन-तीन आठवडे टिकला, की त्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करा. ओल्या बाजूला नखाएवढे चपटे किडे पळताना दिसतील. मागे तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे हलणारे कल्ले असतील, तर ती मेफ्लाय या पाणकिड्याची निम्फ, म्हणजे पंख फुटण्याआधीचं पिल्लू. दोनच शेपट्या आणि जाडसर पाय असतील तर स्टोनफ्लाय. ही आपल्याकडे कमी, डोंगरी नद्यांत जास्त.

थोडा वेळ नीट बघा. पोट बारीक, मागे निमुळतं, वळ्यावळ्यांचं. छाती फुगीर. पंख फुटायची वेळ जवळ आलेली असली तर पाठीवर काळपट पिशव्या दिसतात. आपल्याला एवढंच बांधायचं आहे : बारीक पोट, त्यावर वळ्या, पुढे गडद फुगीर छाती. डोळे, पाय, कल्ले काढत बसायची गरज नाही. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं आणि प्रवाहात समोरून गेलेली वस्तू खायची की सोडायची, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. किड्याचा बांधा आणि खोली बरोबर असली की तो फसतो.

२. सामान

मागवावं लागणारं :
- निम्फचे गळ, १२ आणि १४ नंबर. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. नवशिक्यानं १२ नंबरपासून सुरुवात करावी, बोटांना जागा मिळते.
- पितळी किंवा टंगस्टनचे फ्लायसाठीचे मणी. १२ नंबरच्या गळाला ३.३ मिलिमीटरचे, १४ नंबरला २.८ चे.
- फ्लाय बांधायचा बारीक दोरा, ७० डेनियरचा, तपकिरी किंवा काळा.
- बॉबिन, म्हणजे दोऱ्याची रिळ धरून ठेवणारी नळी.
- गळ पकडायला छोटा व्हाइस. तो येईपर्यंत सराफा बाजारात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात मिळणारा हँड व्हाइस टेबलाला घट्ट बांधून काम भागतं. मी पहिले तीन महिने असंच केलं.

गावात मिळणारं :
- पंख्याच्या वायंडिंगची तांब्याची तार, ३६ गेजच्या आसपासची.
- घोंगडीची काळी-तपकिरी लोकर.
- गावरान कोंबड्याच्या मानेची तपकिरी पिसं.
- गळून पडलेलं मोरपीस.
- मधमाश्यांचं मेण, टोकदार लहान कात्री, नेलपॉलिश, चिमटा.
- संपलेल्या बॉलपेनची रिकामी नळी. गाठ मारताना लागते.

तारेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. मी रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन नुसती "तांब्याची तार" मागितली. उस्तादांनी विचारलं, "मोटरची का पंख्याची?" मोटरची तार जाड असते, तिनं निम्फ बांधली तर ती बांगडीसारखी दिसते. पंख्याची घ्या. आणि जळालेल्या वायंडिंगची फुकट मिळते म्हणून घेऊ नका. ती काळवंडलेली असते आणि वरचा थर सोलून निघतो. नव्या रिळातली दोन-अडीच मीटर तार मागा, तेवढ्यात पंचवीस-तीस निम्फ होतात. नव्या तारेवरच्या एनॅमलचा लालसर तांबूस रंग पाण्यात फार छान दिसतो. इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर आपल्या प्रसिद्ध फेझंट टेल निम्फमध्ये दोऱ्याऐवजी अशीच बारीक तांब्याची तार वापरायचे. वजन आणि बांधणी, दोन्ही कामं तीच करायची.

पैठणीची जरही मी वापरून पाहिली आहे. दिसायला सुरेख, पण जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी. दोन-तीन मासे चावले की ती उसवते. तांब्याची तारच बरी.

पिसांबाबत एक ताकीद. मोर हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित पक्षी आहे. शेतात आपोआप गळून पडलेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही, पण बीड जिल्ह्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणाहून काहीही उचलून आणू नका. आपल्याकडचा रानससाही संरक्षित आहे, त्यामुळे परदेशी व्हिडिओत "सशाच्या कानाचे केस" दिसले म्हणून त्याच्या मागे लागू नका. हिमाचलात कुणी मोनाल या पहाडी पक्ष्याचं पीस दाखवलं तर सरळ नाही म्हणा. घोंगडीची लोकर सशाच्या केसांची जागा उत्तम भरून काढते. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि खरखरीत असते, तिची टोकं बाहेर डोकावतात आणि पाण्यात पायांसारखी हलतात. मऊ मेरिनो लोकरीला हे जमत नाही.

लोकर आणि पिसं शाम्पूच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, डांबरगोळी घालून बंद डब्यात ठेवा. नाहीतर कसर लागते आणि एका पावसाळ्यात डबाभर भुसा उरतो.

३. मणी चढवा

गळाचा उलटा काटा आधी पकडीनं दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याला इजा कमी होते, आणि काटा दाबल्याशिवाय मणी गळाच्या वाकावरून पुढे सरकतच नाही.

फ्लायच्या मण्याला एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठं, खोलगट भोक असतं. गळाचं टोक लहान भोकातून आत घाला. मणी वाकावरून दांड्यावर आणि तिथून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवायच्या कड्यापर्यंत, सरकवा. आता लहान भोक डोळ्याकडे आणि मोठं मागे, असं झालं पाहिजे. उलटा घातला तर मणी डोळ्यावरून निसटून जातो किंवा डोळाच बुजवतो. संपूर्ण फ्लाय बांधून झाल्यावर ही चूक लक्षात येते, आणि तेव्हा ती कापून टाकण्यावाचून इलाज नसतो.

मणी घेताना कंजूषी करू नका. पोत ओवायच्या काचेच्या काळ्या मण्यांनी काम होईल असं पुष्कळांना वाटतं. काच पाण्याच्या जेमतेम अडीचपट जड, पितळ साडेआठपट आणि शुद्ध टंगस्टन एकोणीसपट. काचमण्याची निम्फ तीर्थनच्या धारेत मधल्या थरातच वाहत जाते. साध्या डोहाला पितळ पुरतं, जोराच्या धारेला टंगस्टन लागतं. दागिन्यांच्या दुकानातला पितळी मणी वजनाला चालेल, पण त्याचं भोक सरळ असल्यामुळे तो बहुधा वाकावर अडकतो. एक मणी नेऊन गळावर घालून बघा, मगच घ्या.

४. दोऱ्याची बैठक

गळ व्हाइसमध्ये असा पकडा की दांडा आडवा राहील आणि डोळा तुमच्या उजव्या हाताला येईल (डावखुरे असाल तर उलट). मण्याच्या मागे दोरा दांड्यावर टेकवा. दोरा दांड्याच्या वरून पलीकडे आणि खालून आपल्याकडे, असा फिरवायचा. चार-पाच फेऱ्या स्वतःच्याच शेपटावर घेतल्या की तो घट्ट बसतो. उरलेलं शेपूट कापा.

मण्याच्या मागे लागून आठ-दहा फेऱ्या एकावर एक घ्या, म्हणजे छोटा बांध तयार होतो आणि मणी हलायचा थांबतो. मग दोरा शेजारी-शेजारी लावत वाकाच्या सुरुवातीपर्यंत मागे न्या.

दोरा सतत ताणलेला हवा. किती ताणायचा हे सांगून कळत नाही, म्हणून एक रिकामा गळ लावा आणि दोरा मुद्दाम तुटेपर्यंत ओढा. असं चार वेळा करा. तुटण्याच्या अलीकडचा ताण बोटांना कळला की तो कायम धरून चाला. माझ्या पहिल्या वीस-बावीस निम्फ सैल होत्या आणि दोन-चार फेकीतच मण्यामागे गोळा झाल्या.

५. शेपटी आणि तार

कोंबड्याच्या पिसाच्या एका बाजूचे पाच-सहा तंतू चिमटीत धरून एकसारखी टोकं जुळवा आणि ओढून काढा. शेपटीची लांबी दांड्याच्या निम्म्याएवढी. मोजमाप बांधायच्या आधीच दांड्याशेजारी धरून घ्या. चिमटीत धरूनच दांड्यावर ठेवा आणि पहिली फेरी सैल टाकून सरळ खाली ओढा, नाहीतर तंतू दोऱ्याबरोबर पलीकडच्या बाजूला घरंगळतात.

आता दोरा परत मण्यापर्यंत आणा आणि बोटभर तार घ्या. तिचं एक टोक मण्याच्या मागच्या मोठ्या भोकात खुपसा आणि बाकीची तार दांड्याच्या बाजूनं मागे नेत दोऱ्यानं शेपटीपर्यंत बांधत जा. तार मण्यापासून सुरू झाली की अंग सगळीकडे सारखं बसतं. मध्येच बांधली तर तिथे उंचवटा येतो आणि वरून कितीही लोकर घातली तरी तो लपत नाही. उरलेली तार मागे लोंबत राहू द्या.

तार कापायला चांगली कात्री वापरू नका. पुढेमागे हलवत पिळा, तुटते.

६. लोकरीचं अंग

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. लोकरीची दोन-तीन सेंटिमीटर लांबीची तुकडी कापून बोटांनी विंचरा, सगळे केस मोकळे करा. दोऱ्याला मेण चोळा. मग थोडी लोकर दोऱ्याला लावून अंगठा आणि तर्जनीनं पीळ द्यायचा, म्हणजे दोऱ्याभोवती लोकरीची दोरी होते.

मी लोकर भरपूर घ्यायचो आणि बोटं पुढेमागे चोळायचो. पिळलेली लोकर लगेच उसवायची आणि निम्फ सुरवंटासारखी जाड व्हायची. एका संध्याकाळी आई शेजारी समईसाठी वाती वळत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतका कापूस कशाला रे घेतोस? थोडा घे, न् एकाच बाजूनं पीळ. उलटं फिरवलंस की सुटणारच की." तिनं हातातली वात पुढे केली. मांडीवर एकदाच, एकाच दिशेनं वळलेली, मधे जाड, टोकाला सुईसारखी. मी तिच्यासारखीच लोकर लावली : शेपटीकडे अगदी नाममात्र, पुढे जराशी जास्त. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या निम्फचं पोट निमुळतं झालं.

म्हणून तुम्हाला हवीशी वाटेल त्याच्या निम्मी लोकर घ्या, त्यातलीही निम्मी परत ठेवा, आणि उरलेली एकाच दिशेनं वळा. पिळलेला दोरा शेपटीपासून पुढे गुंडाळत आणा आणि मण्याच्या मागे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून थांबा. ही जागा छातीची. ती खाल्लीत तर पुढचं काहीच नीट बसणार नाही.

आता तार उलट्या दिशेनं, म्हणजे दोरा ज्या बाजूनं फिरला त्याच्या विरुद्ध, चार-पाच मोकळ्या फेऱ्यांत पुढे आणा आणि दोऱ्यानं घट्ट बांधा. उलट्या दिशेनं फिरवल्यामुळे तार लोकरीत बुडत नाही. वळ्या स्पष्ट दिसतात आणि माशाच्या दातांपासून लोकर वाचते.

एक साधी गोष्ट : या पायरीला पंखा आणि कूलर बंद ठेवा. उन्हाळ्यात जिवावर येतं, म्हणून मी सकाळी सातच्या आत बसतो.

७. मोरपिसाची छाती

मोरपिसाच्या दांडीवरून तीन लांब तंतू काढा. डोळ्याजवळचे घेऊ नका, खालचे घ्या, ते जास्त केसाळ असतात. टोकाकडचा ठिसूळ सेंटिमीटर कापून टाका. तिन्ही तंतू एकत्र बांधून त्यांना दोऱ्याभोवती हलका पीळ द्या आणि मण्याच्या मागे तीन-चार फेऱ्या घ्या. नुसते तंतू गुंडाळले तर पहिला मासाच ते तोडतो. दोऱ्याबरोबर पिळले की टिकतात.

हिरवट-तांबूस काळी चमक आली की समजा, ओढ्यातल्या दगडाखाली बघितलेल्या त्या काळपट पिशव्या जमल्या.

८. शेवटची गाठ

छाती आणि मणी यांच्या मधल्या फटीत दोऱ्याच्या चार-पाच फेऱ्या घ्या. बॉलपेनच्या नळीवर दोऱ्याचा एक वेढा घाला, नळीचं तोंड गळाच्या डोळ्यावर टेकवा आणि वेढा नळीवरून घसरवत मण्यावरून मागच्या फटीत नेऊन ओढा. ही अर्धी गाठ झाली. अशा पाच-सहा मारा. गाठ मण्याच्या पुढे, डोळ्यापाशी पडू देऊ नका, नाहीतर नदीवर गार पडलेल्या बोटांनी डोळ्यात दोरी ओवता येत नाही.

शेवटच्या गाठीआधी दोऱ्याच्या गळाजवळच्या भागाला सुईनं नेलपॉलिशचा थेंब लावा, मग गाठ आवळा. झटपट चिकटणारा डिंक वापरत असाल तर फारच थोडा, तो लोकरीत शिरला की सगळी छाती दगड होते. दोरा कापा. सुईनं मोरपिसाच्या खालची लोकर थोडी उपसून मोकळी करा.

एका बैठकीत एकाच नंबरच्या सहा बांधा, एकेक प्रकार एकेक करून बांधू नका. तिसरीपासून हात बसतो.

९. शेततळ्यात तपासा

प्रवासाच्या आधी निम्फ पाण्यात उतरवून बघायलाच हवी. काचेच्या पेल्यात टाका : मणी खाली करून सरळ बुडाली पाहिजे, शेपटीकडून तरंगत राहिली तर लोकर जास्त झाली. मग ओळखीच्या शेततळ्यावर जा. शेततळ्यात चिलापी सोडलेली असेल तर ती लहान निम्फवर धावते. हलकी काठी, बारीक दोरी, वर छोटा तरंगता. तरंगता थबकला किंवा बाजूला सरकला की काठी उचला. वीस-पंचवीस फेकींनंतर निम्फ काढून बघा. मणी फिरतोय का, तार सरकली का, दोरा उसवला का. जे सुटलं, त्या पायरीचा सराव वाढवा.

मालकाला विचारल्याशिवाय शेततळ्यावर जाऊ नका. नाथसागरावर गळ टाकायचा विचारही नको, जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. बाकीच्या तलावांची मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असते, त्यांची परवानगी लागते.

१०. निघताना

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटचा विणीचा काळ असतो आणि मासेमारी बंद असते. तिकीट तो काळ टाळून काढा. सोबत ठेवा : फोटो ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स, मत्स्य विभागाचा परवाना (पोचल्यावर आधी तो काढा, मगच पाण्यात पाय घाला), आणि किमान दोन डझन निम्फ. निम्म्या पितळी, निम्म्या टंगस्टनच्या.

वरच्या खोऱ्यात ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचे नियम वेगळे. कुठल्या पट्ट्यात गळ टाकता येतो हे परवाना देणाऱ्या माणसाला नकाशावर बोट ठेवून विचारा.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर ओल्या निम्फ तशाच पेटीत बंद करू नका. वर्तमानपत्रावर रात्रभर पसरून ठेवा. एकदा मी हे विसरलो आणि जालन्याला पोचेपर्यंत अकरा गळांच्या डोळ्यांत गंज धरला होता. लोकर, तार, मोरपीस सगळं जसंच्या तसं होतं, पण दोरी बांधून ओढली की डोळाच तुटून हातात यायचा.